नळीचं पोट कडक करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलादी नळीचं बाहेरचं अंग कडक करून देणारे पुष्कळ भेटतात. आतलं अंग म्हटलं की मात्र फोनवर जरा शांतता पसरते. हार्डनिंगच्या कामात असताना ग्राहकांनी, डिझाइन करणाऱ्यांनी आणि नव्या मुलांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते उत्तरांसह इथे मांडले आहेत.

मुळात आतून कडक करायची गरज आहे हे कसं ओळखायचं?

झिजून आलेली जुनी नळी उभी चिरा आणि उजेडात धरा. प्रवाहाच्या दिशेने सरळ ओरखडे असतील तर वाळूसारखे कठीण कण घासून गेले आहेत. धातू ओढल्यासारखा, लिंपल्यासारखा दिसत असेल तर दोन धातू एकमेकांना चिकटून फाटले आहेत. खड्डे असतील तर गंज. आणि ओरखडा नाही, खड्डा नाही, तरी लांबीला समांतर बारीक तडा असेल तर वारंवार चढ-उतार होणाऱ्या दाबाने पोलाद थकलं आहे. या चारही तक्रारींना ‘आतून हार्डनिंग करून द्या’ हे एकच औषध चालत नाही. गंजाला नुसती कडकपणा वाढवण्याची मात्रा लागू पडत नाही आणि थकव्याला कडकपणापेक्षा दाबाचे शिल्लक ताण, म्हणजे धातूला कायम आवळून धरणारे ताण, जास्त उपयोगी पडतात.

हायड्रॉलिक सिलिंडरची नळी हे नेहमीचं उदाहरण. ती बहुतेक वेळा मऊच असते. होनिंग करून म्हणजे फिरत्या दगडांनी आतून घासून गुळगुळीत केलेली, आत तेल, पिस्टनवर पॉलिमरचे सील आणि गाइड रिंग. वर्षानुवर्षं चालते. तिच्यात ओरखडे पडू लागले तर हार्डनिंगची चौकशी करण्याआधी फिल्टर उघडून बघा.

आतून आणि बाहेरून कडक करण्यात एवढा फरक काय? पोलाद तर तेच.

पोलाद तेच, तापमानं तीच, रसायनही तेच. फरक फक्त पोहोचण्याचा. बाहेरच्या अंगाला वायू आपोआप लागतो, पाणी पडतं, डोळ्यांना रंग दिसतो, कानस लावून बघता येते. नळीच्या पोटात यातलं काहीच आपणहून होत नाही. वायू आत साचून निकामी होतो. पाण्याची वाफ बाहेर पडायला वाट शोधते. खवले सुटले तर तिथेच पडून राहतात. मोजायचं यंत्र तोंडाशी चार बोटं आत जातं आणि थांबतं. त्यामुळे कुठलीही पद्धत निवडताना मी आधी दोनच आकडे विचारतो: आतला व्यास किती आणि लांबी किती. व्यासाच्या पाचपट लांबी असेल तर जवळपास सगळ्या वाटा खुल्या असतात. पन्नासपट असेल तर बऱ्याच बंद होतात. तिसरा आकडा भिंतीच्या जाडीचा. तो लोक सांगायला विसरतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

माझ्या ड्रॉइंगवर ६० एचआरसी लिहिलं आहे. कुठल्याही नळीला ते मिळेल का?

नाही. एचआरसी म्हणजे रॉकवेल मापावरचा कडकपणा. पाणी देऊन, म्हणजे लाल तापवून झटक्यात विझवून, मिळणारा कडकपणा पोलादातल्या कार्बनवर ठरतो, भट्टीवाल्याच्या हौसेवर नाही. ०.२ टक्के कार्बन असेल तर पूर्ण मार्टेन्साइट (विझवल्यावर होणारी पोलादाची कडक रचना) झालं तरी ४५ एचआरसीच्या आसपास गाडी थांबते. ०.४५ टक्क्यांना ५८ ते ६० मिळतात. ०.६ टक्क्यांच्या पुढे ६४–६५ला आकडा थबकतो आणि कार्बन वाढवून फारसा फायदा होत नाही.

बाजारात सहज मिळणारी होनिंग केलेली नळी साधारण ई३५५ म्हणजे जुन्या नावाने एसटी ५२ची असते. तिच्यात कार्बन जास्तीत जास्त ०.२२ टक्के. या नळीवर इंडक्शन करून (विजेच्या कॉईलने तापवून आणि विझवून) ६० आणा, अशी मागणी मी इतक्यांदा ऐकली आहे की आता आधी नळीचं टेस्ट सर्टिफिकेटच मागतो. ६० हवेच असतील तर दोन रस्ते: एक तर आत कार्बन भरा, नाहीतर नळीच दुसरी घ्या.

आत कार्बन भरायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

हेच कार्ब्युरायझिंग. कमी कार्बनची नळी ९०० ते ९५० अंश सेल्सिअसला कार्बन देणाऱ्या वातावरणात ठेवायची, कार्बन पृष्ठभागातून आत झिरपतो, मग तेलात किंवा पाण्यात विझवायची. कार्बन भरलेला थर कडक होतो, खालचा गाभा चिवट राहतो.

जुन्या पद्धतीत नळीला वेगळी पेटी लागतच नव्हती, कारण नळीच पेटी व्हायची. लोणारी कोळशाचे तुकडे आणि बेरियम कार्बोनेट यांचं मिश्रण पोटात ठासून भरायचं, तोंडं मातीने लिंपायची आणि भट्टीत ढकलायची. कार्बन फक्त आतच, बाहेर काही लावायला नको. चार-दोन नगांसाठी ही युक्ती आजही वाईट नाही. मात्र मातीच हवी. तीतून वायू निसटतो. दोन्ही तोंडं वेल्ड करून बंद केलेली नळी भट्टीत घालणं म्हणजे बॉम्ब तापवणं आहे, आत थोडा ओलावा असला तरी पुरे.

वायूच्या भट्टीत खोली किती येणार याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. ९२५ अंशांना तासांचं वर्गमूळ काढा आणि ०.६३५ने गुणा, एकूण थर मिलिमीटरमध्ये मिळतो. ४ तासांत १.२७, ९ तासांत १.९, १६ तासांत २.५. दुप्पट खोलीला चौपट वेळ. ‘अजून थोडं खोल करून द्या’ म्हणणाऱ्याला हे वर्गमूळ दाखवलं की तो थोडा विचार करतो. आणि हा एकूण थर आहे. ५५० एचव्हीपर्यंतचा (एचव्ही म्हणजे विकर्स मापावरचा कडकपणा) उपयोगी थर याहून कमी भरतो.

पण हा हिशेब वायू ताजा मिळत राहील हे धरून चालतो. अरुंद लांब पोटात वायू आपला कार्बन देऊन टाकतो आणि तिथेच तुंबतो. एकदा अर्ध्या मीटरच्या नळ्यांची एक खेप आमच्याकडून गेली. दोन्ही तोंडांशी ५९, कागद स्वच्छ. तीन महिन्यांत परत आल्या, मध्यभागी झिजून. एक नळी दर पाच सेंटिमीटरला कापली, कड्या घासून नायटलमध्ये (नायट्रिक आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये) बुडवल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. तोंडाच्या कडीत आतल्या कडेला वेगळ्या छटेचा पट्टा जाड आणि ठसठशीत. पुढच्या कडीत जरा बारीक. मधल्या कडीत नखाने काढलेल्या रेघेएवढा. नळ्या जाळीत आडव्या, एकीवर एक रचल्या होत्या आणि पंख्याचा झोत त्यांच्या आडवा जात होता. पुढची खेप उभी टांगली, झोत पोटातून गेला, तक्रार संपली. भट्टीची सेटिंग एका अंशानेही बदलावी लागली नाही.

कमी दाबाच्या म्हणजे व्हॅक्यूम कार्ब्युरायझिंगमध्ये वायू थांबून थांबून सोडतात आणि मधे बाहेर ओढतात, म्हणून खोल भोकांत थर त्या मानाने एकसारखा येतो. शिवाय पृष्ठभाग ऑक्सिडाइज होत नाही. नळ्यांसाठी पर्याय असेल तर मी हाच घेईन.

आत कडक हवं, पण बाहेर लेथवर काम करायचं आहे. बाहेरचं मऊ ठेवता येईल का?

येतं. बाहेरून तांब्याचा मुलामा देतात किंवा कार्बन अडवणारा लेप लावतात. लेप लावताना आत थेंबही सांडता कामा नये, जिथे तो पडेल तिथे मऊ डाग राहील. तिसरा उपाय सर्वांत साधा आहे: बाहेरून दोन-तीन मिलिमीटर जास्त धातू ठेवा, कार्बन भरून घ्या, विझवण्याआधी तो थर लेथवर उतरवा आणि मग हार्डनिंग करा. तरीही बाहेरचं अंग गाभ्याइतकं कडक होईल. अगदी लोण्यासारखं मऊ मिळणार नाही.

नायट्रायडिंग कधी निवडावं?

नळी वाकून चालणार नसेल तेव्हा. इथे बहुधा अमोनिया वायूतून पोलादात नायट्रोजन शिरवतात. तापमान ५०० ते ५८० अंशांच्या दरम्यान राहतं, पोलादाची आतली रचना पालटत नाही, विझवायचं नसतं, त्यामुळे माप जवळपास जागच्या जागी राहतं. भोक काही मायक्रॉनांनी लहान होतं, एवढंच. ॲल्युमिनियम असलेल्या नायट्रायडिंग पोलादावर, उदाहरणार्थ ईएन ४१बी, पृष्ठभाग १००० एचव्हीच्या घरात जातो. क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या पोलादावर त्याहून बराच कमी. प्लास्टिकच्या एक्स्ट्रूडरचे बॅरल वर्षानुवर्षं याच पद्धतीने होत आले आहेत.

वेळ मात्र लागतो. अर्धा मिलिमीटर थराला ५०–६० तास धरा. आणि तयारी आधीपासून हवी: नळी अगोदर हार्डनिंग-टेंपरिंग (विझवून मग ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेताने तापवणं) करून घ्यायची, टेंपरिंगचं तापमान नायट्रायडिंगच्या तापमानापेक्षा निदान ३० अंश वर ठेवायचं. नाहीतर नायट्रायडिंग करता करता गाभाच मऊ पडतो. मशीनिंगचे ताणही आधीच काढून टाका. भट्टीत नळी वाकली तर दोष बहुधा नायट्रायडिंगचा नसतो, आधीच्या कापकामाचा असतो.

अमोनियाचीही तीच रड आहे. तापलेल्या पोलादाला लागून तो फुटतो, त्यातून सुटा होणारा नायट्रोजन पोलादात शिरतो. अरुंद पोटात फुटून गेलेला वायू तुंबला की पुढे काही होत नाही. नळ्या उभ्या ठेवा, दोन्ही तोंडं मोकळी ठेवा. एक तोंड बंद असलेल्या लांब नळीसाठी आत वायू नेणारी बारीक नळी घालावी लागते.

क्षाराच्या द्रवात म्हणजे सॉल्ट बाथमध्ये ५७०–५८० अंशांना एक-दोन तासांत १० ते २० मायक्रॉनचा दाट थर मिळतो. द्रव पोटात भरतो, म्हणून लांब नळीलाही सारखा थर बसतो. बुडवताना हवेचा बुडबुडा अडकू देऊ नका. बाहेर काढल्यावर आत गोठलेला क्षार नीट धुवा. तो राहिला तर गंज तिथूनच सुरू होतो.

प्लाझ्मा नायट्रायडिंग भोकात चालतं का?

मोठ्या भोकात चालतं. इथे विजेने वायू पोलादाच्या अंगालगत चकाकतो आणि त्यातून नायट्रोजन आत जातो. लहान भोकात ही चकाकी आत शिरतच नाही. आणि या दोहोंच्या मधे एक नाजूक पट्टा आहे, तिथे समोरासमोरच्या भिंतींवरच्या चकाक्या एकमेकींत मिसळतात आणि पोट इतकं तापतं की बाकी नग ५२० अंशांवर असताना भोक त्याच्या कितीतरी वर जातं. याला पोकळ कॅथोडचा परिणाम म्हणतात. तो टाळायला भट्टीतला दाब बदलून चकाकी पातळ करतात किंवा नळीत मधोमध ॲनोडची (विजेच्या धन टोकाची) सळई घालतात. चालवणाऱ्याने याआधी तुमच्याच व्यासाचं भोक केलं आहे का, हे विचारून घ्या.

इंडक्शनने आतून हार्डनिंग कसं करतात? बाहेरची कॉईल आत घातली की झालं?

असं वाटतं खरं. पण वेटोळ्यातला उच्च वारंवारतेचा प्रवाह स्वभावाने वेटोळ्याच्या आतल्या कडेने वाहतो. बाहेरून दंडगोल तापवताना ही कृपाच असते, कारण जॉब त्याच बाजूला असतो. पोटात कॉईल घातली की जॉब बाहेरच्या बाजूला आणि प्रवाह नको त्या कडेला. म्हणून कॉईलच्या मधे फेराइटचा किंवा पातळ पत्र्यांचा गाभा बसवतात. तो प्रवाहाला बाहेरच्या कडेला ढकलतो. गाभा नसलेल्या कॉईलने भोक तापवायला बसलात तर यंत्र पूर्ण ताकद ओढतं आणि नळी नुसती कोमट होते. कॉईल आणि भिंत यांमधली फटही जेमतेम दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवावी लागते. फट वाढली की उष्णता भराभर घटते.

खोली वारंवारतेवर ठरते. तापून चुंबकत्व गेलेल्या पोलादात प्रवाह किती खोल शिरतो, याचा ठोकताळा असा: ५००ला हर्ट्झच्या वर्गमुळाने भागा, उत्तर मिलिमीटरमध्ये. १० किलोहर्ट्झला ५ मिलिमीटर, १०० किलोहर्ट्झला सुमारे १.६. प्रत्यक्ष कडक थर यापेक्षा कमी-जास्त होतो, कारण उष्णता पसरायला किती वेळ मिळाला तेही मोजावं लागतं. पण १.५ मिलिमीटरचा थर हवा असताना १० किलोहर्ट्झचं यंत्र समोर असेल तर काम जड जाणार, हे या एका भागाकारात कळतं.

लांब नळीत नळी उभी धरून सावकाश फिरवतात आणि कॉईल खालून वर सरकवतात. कॉईलच्या लगेच खाली भोकं पाडलेली अंगठी असते, तिच्यातून पाणी भिंतीवर मारलं जातं. पाणी खाली वाहून जातं, वर तापणाऱ्या भागाला लागत नाही. उलट दिशेने, वरून खाली आलात तर पाणी कॉईलच्या पुढे धावतं आणि पोलाद तापण्याआधीच भिजतं. हे ऐकायला बाळबोध आहे, पण एक अख्खा दिवस याच चुकीत घालवलेला माणूस हे लिहितो आहे.

आत काय चाललं आहे ते दिसत नाही, पण बाहेरून कळतं. चालवणारा नळीच्या बाहेरच्या अंगाकडे बघत असतो. बाहेर काळसरच राहिलं तर बरं. तिथे मंद लाली उमटली की समजायचं, उष्णता भिंत ओलांडून आली. मग आतलं कडक आणि बाहेरचं मऊ हा भेदच उरत नाही. पूर्ण भिंत कडक होते आणि पोलाद मध्यम कार्बनचं असेल तर नळी ठिसूळ होते. म्हणून भिंत थराच्या निदान अडीच-तीन पट जाड हवी. तेवढी नसेल तर बाहेरून पाणी सोडत राहतात.

आणखी एक त्रास: नळी आधीच किंचित वाकलेली असेल तर दोन मिलिमीटरच्या फटीत कॉईल भिंतीला टेकते. ठिणगी, तांब्याला भोक, कॉईलमधलं पाणी तापलेल्या पोटात. नळी रांगेत आहे का हे आधी सरळ सळई घालून बघायची सवय त्यानंतर लागते.

झाल्यावर १५०–२०० अंशांना टेंपरिंग करा. उद्यावर ठेवू नका. रात्रीत तडे जाण्याचे किस्से खोटे नसतात.

बाहेरून तापवून फक्त आतून पाणी दिलं तर?

ही पद्धत मला फार आवडते, कारण ती अडचणीलाच कामाला लावते. बाहेरच्या कॉईलमधून नळी सरकवत नेऊन पूर्ण भिंत तापवतात आणि आतून पाण्याचे फवारे मारतात. आतलं अंग झटक्यात विझून कडक होतं, बाहेर जावं तसं थंड होणं मंदावतं आणि कडकपणा उतरत जातो. एकाच धातूच्या भिंतीत आत कडक आणि बाहेर चिवट अशी उतरण मिळते. काँक्रीट पंपाच्या पाईपांत याचा उपयोग होतो. तिथे दुसरी चालही आहे: आत कडक नळी, बाहेर मऊ नळी, एकात एक बसवलेल्या. आतली घर्षण झेलते, बाहेरची दाब आणि हातोड्याचे ठोसे.

लेझरने?

मोठ्या भोकात होतं. आरसा बसवलेलं डोकं आत जातं, किरण भिंतीवर पडतो, तापलेला ठिपका बाजूच्या थंड पोलादामुळेच विझतो, पाणी लागत नाही. थर साधारण एक मिलिमीटरच्या आसपास. उणीव एक: पट्ट्याशेजारी पट्टा देत गेलं की जोडावर आधीचा कडक पट्टा पुन्हा तापून थोडा मऊ पडतो. त्या मऊ रेघा घर्षणाला आडव्या आहेत की समांतर, हे आधी ठरवा.

हार्डनिंग नको, क्रोम चढवलं तर?

कठीण क्रोम ८०० ते १००० एचव्ही देतं, घर्षण कमी असतं आणि चिकटून फाटण्याच्या तक्रारीवर उत्तम. जाडी काही दहा मायक्रॉनांपासून पाव मिलिमीटरपर्यंत. पण वीज जिथे जवळ तिथे थर जाड. पोटात मधोमध ॲनोड लागतो आणि लांब नळीत तो जरा लवला की एका बाजूला थर फुगतो, दुसऱ्या बाजूला उपाशी राहतो. कडक पोलादावर क्रोम चढवलं तर हायड्रोजन शिरतो, म्हणून काही तासांच्या आत १९० अंशांच्या वर भाजून तो काढावा लागतो. शिवाय षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड विशेष परवानगीशिवाय वापरता येत नाही.

विजेशिवाय चढणारं निकल हा नळीसाठी जास्त समजूतदार पर्याय आहे, आणि त्याचा जन्मच नळीच्या पोटात झाला आहे. १९४६ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये ॲबनर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल नळ्यांच्या आतून विजेने निकल-टंगस्टनचा मुलामा देत होते. द्रावणात सोडियम हायपोफॉस्फाइट घातल्यावर विजेच्या हिशेबाने जेवढं निकल बसायला हवं त्यापेक्षा जास्त बसलं, आणि जिथे प्रवाह पोहोचत नव्हता त्या बाहेरच्या अंगावरही बसलं. म्हणजे काही निकल विजेशिवायच चढत होतं. द्रावण जिथे लागेल तिथे सारखी जाडी, हा या निकलचा गुण नळीला तंतोतंत हवा तसा. चढल्यावर कडकपणा ५०० एचव्हीच्या आसपास, ४०० अंशांना तासभर तापवलं की ९००च्या पुढे.

दोन्ही मुलाम्यांना एक अट: खाली आधार हवा. भुसभुशीत जमिनीवर फरशी बसवली तर फरशी कितीही टणक असो, ती तडकतेच. मऊ नळीवर ३० मायक्रॉन क्रोम आणि वरून अणकुचीदार दाब, याचा परिणाम तोच होतो.

वाळूमिश्रित काहीतरी सतत वाहतं. ६० एचआरसीसुद्धा टिकत नाही. का?

कारण ६० एचआरसी म्हणजे सुमारे ७०० एचव्ही, आणि वाळूतला क्वार्ट्झ हजाराच्या वर. वाळू तुमच्या पोलादापेक्षा कडक आहे, ती ओरखडणारच, हार्डनिंगने फक्त वेळ वाढतो. तिच्यावर मात करायची तर बोराइड किंवा कार्बाइड हवेत. बोरायडिंगमध्ये ८५०–९५० अंशांना बोरॉन शिरवतात आणि १४०० ते २००० एचव्हीचा, करवतीच्या दातांसारखा पोलादात रुतलेला थर मिळतो. तो पातळ आणि ठिसूळ असतो, त्यावर आपटाआपटी नको.

दुसरा मार्ग बायमेटल. नळीत मिश्रधातूची भुकटी भरतात, तोंडं झाकतात, भुकटी वितळेपर्यंत तापवतात आणि नळी आडवी गरागरा फिरवतात. केंद्रापसारक जोराने वितळलेला धातू भिंतीवर सारखा पसरतो आणि तिथेच गोठतो. मग होनिंग करून दीड-दोन मिलिमीटरचं कडक अस्तर उरतं. काचतंतू मिसळलेलं प्लास्टिक चालवणाऱ्या बॅरलला नायट्रायडिंग पुरत नाही, तिथे हेच घ्या.

भट्टी न लावता काही करता येतं का?

येतं, अपेक्षा माफक ठेवल्या तर. रोलरने भोक दाबून काढलं की पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि वरचा पातळ थर दाबाने थोडा कडक होतो. टंगस्टन कार्बाइडचा गोळा भोकापेक्षा किंचित मोठा घेऊन ढकलत नेण्याचीही रीत आहे. यातून ६० एचआरसी मिळणार नाही, पण सील जास्त टिकेल.

ऑटोफ्रेटाज वेगळंच. तोफांच्या नळ्यांपासून आलेली ही युक्ती. नळीत इतका दाब द्यायचा की आतला थर कायमचा ताणला जाईल आणि बाहेरचा लवचीकच राहील. दाब काढला की बाहेरचा थर आतल्याला आवळतो. कडकपणा जवळपास तोच, पण आत दाबाचे ताण कायमचे बसतात आणि तडे सुरू व्हायला फार वेळ लागतो. डिझेल इंजिनच्या उच्च दाबाच्या इंजेक्शन नळ्यांत हे करतात. वर सांगितलेल्या थकव्याच्या तड्यावर इलाज हा.

थर किती खोल मागावा?

‘जास्तीत जास्त’ हे उत्तर नाही. किती झीज होईपर्यंत नळी वापरणार ते ठरवा, त्यात होनिंगमध्ये निघणारा धातू मिळवा, थोडी सूट ठेवा. पातळ भिंतीत खोल थर मागितला तर गाभाच उरत नाही.

हार्डनिंगनंतर भोक बिघडतं. होनिंगला किती धातू ठेवू?

विझताना मार्टेन्साइट फुगतं, भोक बहुधा आवळतं आणि लंबगोल होतं, नळीला बाक येतो. कार्ब्युरायझिंगनंतर व्यासावर दोन-तीन दशांश मिलिमीटर निघणं नवलाचं नाही. नायट्रायडिंगनंतर मात्र दोन-तीन शतांशांच्या वर हात लावू नका, वरचाच थर सगळ्यांत कडक असतो.

मुख्य भीती बाकाची आहे. होनिंगचा दगड वाकलेल्या भोकात एका बाजूने जास्त खातो. थर सगळीकडे १ मिलिमीटर असला तरी मध्यावर एका अंगाला ०.६ उरतो आणि समोर पूर्ण. झिजताना नळी त्याच अंगाने आधी जाते आणि शिव्या हार्डनिंगवाल्याला बसतात. होनिंगआधी नळी सरळ करून घ्या, आणि कडक केलेली नळी प्रेसखाली सरळ करताना आतून तडा जात नाही ना, हे तपासा.

नंतर फ्लँज वेल्ड करायचं आहे.

आधी करा. जमणारच नसेल तर तोंडाचा तेवढा भाग कार्बन अडवणारा लेप लावून मऊ ठेवा. कार्बन भरलेल्या अंगावर वेल्डला तडे जातात, नायट्राइड केलेल्यावर वेल्डमध्ये छिद्रं पडतात, आणि जवळच्या कडक पट्ट्याचा कडकपणा उष्णतेने उतरतो तो वेगळाच.

आतला कडकपणा मोजायचा कसा?

तोंडाशी मोजून नाही. वरची पाच सेंटिमीटरच्या कड्यांची गोष्ट आठवा. खात्रीचा मार्ग एकच: त्याच पोलादाची, त्याच व्यासाची आणि पूर्ण लांबीची एक नळी खेपेबरोबर बळी द्यायची. कडी कापून घासून आतल्या कडेपासून बाहेर ठरावीक अंतरांवर विकर्सचे ठसे घ्यायचे. कार्ब्युरायझिंगला ५५० एचव्ही जिथे येतं ती खोली, नायट्रायडिंगला गाभ्यापेक्षा ५० एचव्ही जास्त जिथे येतं ती, इंडक्शनला पृष्ठभागाच्या किमान कडकपणाच्या ८० टक्के जिथे येतं ती. हे आयएसओ १८२०३ मध्ये दिलं आहे. कडी कापताना पाणी भरपूर सोडा, कापतानाच तापली तर तुम्ही स्वतः केलेलं टेंपरिंग मोजाल.

नळी कापता येत नसेल तर लांब दांड्यावरचा अल्ट्रासोनिक प्रोब आत जातो. उसळी मोजणारं हातातलं यंत्र पातळ भिंतीवर खोटं बोलतं. अंतर्वक्र पृष्ठभागावर सरळ रॉकवेल घेतलं तर आकडा खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसतो, त्यामुळे सगळे खूश होतात. आणि जुनी कानस विसरू नका. बारीक कानस लांब सळईला जोडून आत फिरवली तर मऊ डाग हाताला लगेच कळतो, ती तिथे धरते, बाकी सगळीकडे घसरते.

काम देताना चिठ्ठीवर काय लिहू?

पोलादाचा ग्रेड आणि सर्टिफिकेट. आतला व्यास, भिंत, लांबी. होनिंग होऊन उरायला हवा तो थर, होनिंगआधीचा नव्हे. कडकपणाची दोन टोकं, ‘५८ ते ६२’ अशी. नुसतं ‘किमान ५८’ नको. कुठला भाग मऊ राहायला हवा. बाक किती चालेल. कडकपणा नळीच्या कोणकोणत्या जागी मोजायचा, त्यात मध्यभाग धरून. आणि आत काय वाहणार किंवा काय घासणार. हा शेवटचा मुद्दा कोणी लिहीत नाही. तो लिहिलेली चिठ्ठी आली की बहुतेक वेळा मी फोन उचलून वेगळीच पद्धत सुचवतो.